चौथी खाली घ्या

फॉर्म एका पानाचा होता. शनिवारी दुपारी खुशबूच्या दप्तरातून आला, डब्याच्या खाली चार घड्या होऊन. हिंदीत छापलेला. 'मी माझ्या इच्छेने माझ्या मुलीला शाळेऐवजी घरी राहून शिकवू इच्छिते' अशा अर्थाचं एक लांबलचक वाक्य, त्याखाली नावाची जागा, त्याखाली सहीची. सोबत मोठ्या मॅडमची, म्हणजे मुख्याध्यापिकेची, चिठ्ठी होती: सोमवारी अकरा वाजता सही करून आणावा.

संघमित्रानं शिलाई मशीनवरचं ब्लाउजचं कापड बाजूला सारलं, फॉर्म सपाट केला आणि दोनदा वाचला.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "माझी इच्छा या लोकाइनं छापून पाठवली पाहा. मले तर माहीतच नव्हती."

धोंडबा खाटेवर बसून नातीला टरबुजाच्या बिया काढून देत होते. "चांगलं झालं," ते म्हणाले, "तुले इच्छा करायची मेहनत वाचली."

खुशबू हसली. तिचं हसू सगळं शरीर हलवून येतं, खुर्चीची चाकंसुद्धा थोडी सरकतात. नऊ वर्षांची आहे. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, म्हणून पाय चालत नाहीत, डावा हात मुडपलेला राहतो आणि जिभेतून शब्द सुटा होऊन बाहेर येत नाही. उजवा हात मात्र तिचा आहे. त्या एका हातावर हे घर जवळजवळ सात वर्षं बोलत आलं आहे.

ते कसं, तर असं. धोंडबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये रिगर होते. म्हणजे क्रेनच्या हुकाखाली उभा राहणारा माणूस. ओझ्याला साखळी बांधायची आणि उंच केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला हातानं सांगायचं, कारण मिलच्या आवाजात हाक मारून उपयोग नसतो. तर्जनी वर करून गोल फिरवली की ओझं वर घे. तर्जनी खाली करून फिरवली की खाली घे. अंगठा ज्या दिशेला, त्या दिशेला ने. तळहात आडवा धरून इकडून तिकडे हलवला की थांब. नात दोन वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा धोंडबांनी कुठल्या डॉक्टरला विचारलं नाही. ते तिच्यासमोर बसले आणि तिला उचलण्याआधी रोज बोट वर करून फिरवू लागले. चौथ्या महिन्यात खुशबूचं बोट फिरलं. त्या दिवशी म्हातारा अंगणात जाऊन थोडा वेळ उभा राहून आला.

मग त्या खुणा घरच्यासारख्या झाल्या. वर फिरणारं बोट म्हणजे मला उचल, मला दे, आणखी वाढ. खाली फिरणारं म्हणजे ठेव, उतरव, पुरे. संघमित्राच्या शिलाईतून एक खूण तिनं स्वतः उचलली, दोन बोटांची कात्री. कुणी थाप मारली की खुशबू हवेत कात्री चालवायची. कापून टाक, खोटं आहे. शेजारणीनं "किती बारीक झालीस गं" म्हटलं तरी कात्री चालायची.

संघमित्रा तुमसरकडची, दहावी पास, लग्न होऊन भिलाईला आली. पहिली पाच-सहा वर्षं तिला या खुणांचं काही विशेष वाटलंच नाही. तेव्हा सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहणं होतं, आजूबाजूला सगळे प्लांटचे. तिथल्या शाळेत खुशबूनं बोट फिरवलं की चपराशीसुद्धा ओळखायचा. त्याचा भाऊ क्रेनवर होता. धोंडबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं आणि घर प्लांटच्या वस्तीबाहेर, सुपेल्याच्या मागे आलं. खुशबू जवळच्या शाळेत तिसरीत बसली. वर्ष संपत आलं होतं, आणि आता हा फॉर्म.

संध्याकाळी तिचा नवरा नरेश आला. चरोद्याच्या यार्डात तो रेल्वेत आहे, रुळांच्या कामावर. अंगावरचा शर्ट काढायच्या आधी त्यानं फॉर्म वाचला.

"चौथी वरच्या मजल्यावर आहे," तो म्हणाला. "अठरा पायऱ्या. मी मोजल्या आहेत. रोज कोन उचलन तिले? बाबाची कंबर पाहिली का?"

"मी उचलीन."

"आन् मधात लघवीले? जेवायच्या सुट्टीत? शाळेवाले त्रास देत नाई, सांगून राहिले बिचारे. एक सर घरी येऊन शिकवते म्हणे."

"महिन्यातून दोनदा."

"मग बाकीचं तू शिकव. झगडा कावून करायचा? इथं आपल्याले राहायचं आहे."

तो वाईट माणूस नाही. दिवसभर तापलेल्या रुळांवर वाकलेला माणूस संध्याकाळी भांडण शोधत नाही. त्यानं खिशातला पेन काढला, फॉर्म मांडीवर घेतला. तेवढ्यात खुशबूचा हात खुर्चीच्या दांड्यावरून सुटला. तळहात आडवा. इकडून तिकडे. थांब.

"अवो, हे मोठ्याचं काम आहे," नरेश म्हणाला.

"पेन खाली ठेव," धोंडबा म्हणाले. आवाज वर गेला नव्हता, पण नरेशनं मान वर केली. "हुकाखाली एकच माणूस हुकूम देते. दुसऱ्याचं ऑपरेटर ऐकत नाई. पन थांब म्हटलं तर कोनाचंबी ऐका लागते. झाडूवाल्याचं, चायवाल्याचं, कोनाचंबी. नाई ऐकलं तर खालचा माणूस जाते. हा नियम मी एकतीस वर्षं पाळला. माझ्या घरात तो मोडत नाई."

नरेशनं पेनचं टोपण लावलं. फॉर्म मशीनवर परत गेला. जेवताना खुशबूनं बोट फिरवलं तेव्हा त्यानं ताटातली अर्धी भाजी तिच्या ताटात टाकली.

रविवारी सकाळी दीपाली आली. दुर्गजवळच्या बोरसीची, वडील भंडाऱ्याकडचे. मराठी बोलायची, पण दर तिसऱ्या शब्दाला हिंदीकडे वळायची. अपंग मुलांच्या शाळा आणि त्यांची कुटुंबं मिळून कसं काम करतात, यावर ती विद्यापीठात संशोधन करत होती. महिनाभरापूर्वी ती शाळेत खुशबूच्या वर्गात येऊन बसली होती. आज घरच्यांची मुलाखत होती. तिच्याजवळ बेचाळीस प्रश्नांचं पुस्तक होतं. वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, कुटुंब क्रमांक १७.

"सतरा नंबर म्हणजे आमी?" संघमित्रानं विचारलं.

"ताई, ते नाव गुप्त ठेवायचं असते म्हणून."

"गुप्त कावून? आमी काय चोरी केली?"

दीपाली हसली, पण पुढचे प्रश्न तिनं जरा सांभाळून विचारले. अकरावा होता, शाळेच्या निर्णयांत तुमचा सहभाग असतो का? नेहमी, कधी कधी, कधीच नाही. संघमित्रानं उत्तर न देता फॉर्म तिच्यापुढे टाकला.

"निर्णय झाला का सही मागते. याले सहभाग म्हनत असशीन तर 'नेहमी' लिव."

दीपालीनं फॉर्म वाचला. मग पेन बाजूला ठेवून म्हणाली, "ताई, एक बात सांगू? कायद्यात असं आहे, मुलीनं जवळच्या शाळेत शिकायचं का आणखी कुठं, हे तुमच्या मर्जीवर आहे. शाळेच्या नाही. म्हणून तर त्यांना 'माझ्या इच्छेने' लिहावं लागलं. सही केली नाही तर ते तिला काढू शकत नाहीत."

"मग मले कोनी सांगितलं कावून नाई?"

दीपालीनं प्रश्नांचं पुस्तक पुढं ओढलं. ती पानं उलटू लागली, आणि तिथंच एका पानावर संघमित्राची नजर गेली. तिनं पुस्तकावर हात ठेवला. "हे काय लिवलं?"

मुलाची माहिती, असा रकाना होता. त्यात दीपालीनं शाळेच्या फायलीतून उतरवून घेतलं होतं: संवाद नाही. उजव्या हाताची वारंवार निरर्थक हालचाल.

 संघमित्राला आधी काही कळलं नाही, ती ओळ बोट धरून पुन्हा वाचली तेव्हा कळलं.

"तू वर्गात बसली होती ना? तुले काय दिसलं?"

दीपालीनं वही काढली. तिनं वाचून दाखवलं. "चाळीस मिनिटांचा गणिताचा तास. विद्यार्थिनीने अकरा वेळा उजवी तर्जनी वर करून गोल फिरवली. शिक्षिकेने दोनदा हात धरून खाली ठेवला."

"अकरा वेळा," संघमित्रा म्हणाली. "उत्तर येते, मले घ्या, असं अकरा वेळा म्हनली माझी पोरगी."

राग शाळेवर होता, पण त्याहून मोठा स्वतःवर. वर्षभर रोज खुर्ची ढकलत ती फाटकापर्यंत गेली, मॅडमना नमस्कार केला, डबा दिला, औषध सांगितलं. खुणा सांगितल्या नाहीत. शिलाई मशीन कशाला म्हणतात हे जसं कुणाला सांगावं लागत नाही, तसंच तिला ते वाटलं होतं. भिलाईत राहून क्रेनचा इशारा कळणार नाही, असा माणूस असतो हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

"खोडून टाक," ती दीपालीला म्हणाली.

"ताई, शाळेचं रेकॉर्ड आहे ते, मी कसं..."

"मग बाजूले लिव. आईनं सांगितलं, हे खोटं आहे. आन् आईचं नाव लिव. सतरा नंबर नको."

खुशबू कात्री चालवत होती. जोरात.

दीपालीनं लिहिलं. मग हळूच विचारलं, "तिला गणित खरंच येते?"

धोंडबा उठले. मशीनजवळच्या खिळ्यावरची मापाची टेप काढून त्यांनी ती खुशबूच्या पुढ्यातल्या पाटावर लांब पसरली आणि आपलं बोट एकवर ठेवलं. "हा हुक," ते म्हणाले. "ती रिगर, मी ऑपरेटर. विचार काही."

"सहा गुणिले सात."

खुशबूचा अंगठा उजवीकडे गेला. म्हाताऱ्याचं बोट टेपवरून सरकू लागलं. वीस, तीस. मग तिनं दोन बोटं एकमेकांवर घासली. हळू. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एकेचाळीस. तळहात आडवा.

बोट बेचाळीसवर थांबलं होतं.

दीपालीनं आणखी सहा प्रश्न विचारले. सातव्या वेळी मुद्दाम सोपा विचारला, तर खुशबूनं डोळे फिरवले. ते समजावून सांगायची गरज पडली नाही.

सोमवारी अकराला ते मोठ्या मॅडमच्या खोलीत होते. संघमित्रा, खुर्चीत खुशबू, मागे इस्त्रीच्या शर्टात धोंडबा. दीपाली भिंतीशी बसली होती. पालकसभा बघायची परवानगी तिच्याकडे होतीच. नरेशला सुट्टी मिळाली नाही, पण सकाळी निघताना तो म्हणाला होता, "पायऱ्या अठरा आहे. एकोणीस म्हणू देऊ नको त्याइले." त्याच्याकडून एवढं खूप होतं.

मॅडम चांगल्या बोलल्या. पाणी मागवलं. "आपकी बच्ची तो हम सबकी लाड़ली है," त्या म्हणाल्या, आणि खुशबूची दोन बोटं खुर्चीच्या दांड्यावर उघडमीट करू लागली. संघमित्रानं त्यावर आपला पदर टाकला.

"फॉर्म लाई हैं?"

"लाई हूँ. पर साइन नहीं की."

मॅडमनी चष्मा काढला. मग त्यांनी समजावलं, शांतपणे, एकेक करून. चौथी वर आहे. रॅम्प नाही, बांधायला मंजुरी लागेल. पडली तर जबाबदार कोण? आणि खरं सांगायचं तर तिला वर्गात काही समजत नाही. ते पाहून शिक्षकांनाही वाईट वाटतं. "रोज़ ऊपर कैसे ले जाएँगे, आप ही बताइए."

तेवढ्यात पदर हलला. खुशबूचा हात बाहेर आला, खुर्चीबाहेर लोंबला, आणि तर्जनी खाली करून ती फिरवू लागली.

"देखिए, थक गई बेचारी," मॅडम म्हणाल्या. "उतरना चाहती है."

संघमित्रालासुद्धा तेच वाटलं. ती वाकली. "उतरायचं आहे का माय?"

तळहात आडवा. नाही. मग खुशबूनं अंगठा वर केला, छताकडे, जिथून चौथीच्या बाकांचा खरखराट ऐकू येत होता. अंगठा तसाच क्षणभर. मग पुन्हा तर्जनी खाली, गोल, गोल.

संघमित्रा वळून सासऱ्यांकडे पाहू लागली. म्हातारा खुर्चीमागून पुढे आला.

"मॅडम," धोंडबा हिंदीत म्हणाले, "बच्ची बोल रही है, लोड ऊपर है. उसको नीचे लो. उसको ऊपर नहीं, चौथी को नीचे."

 भिंतीशी दीपालीचं पेन चालू होतं.

"ऐसा थोड़ी होता है," मॅडम म्हणाल्या. "तीसरी नीचे, चौथी ऊपर. सालों से यही व्यवस्था है."

"तिसरीची लेकरं चढू शकतात ना?" संघमित्रा म्हणाली. आता ती मराठीतच बोलत होती. हिंदी शोधायला तिला वेळ नव्हता, आणि मॅडमना कळत होतं. "तीस पोरं दोन पायाची. ते वर जातील, चौथी खाली येईल. याले मंजुरी नाही लागत, बाक उचला लागते. अर्ध्या शाळेचे युनिफॉर्म मीच शिवते. सगळ्याइच्या आयांना मी ओळखते. बाक उचलायले मी माणसं आणते."

"और पढ़ाई? उसे कुछ समझ में आता तो..."

दीपाली उठली. तिला या खोलीत बोलायचा हक्क नव्हता, बघायला आली होती. तिनं वही उघडली आणि तो चाळीस मिनिटांचा तास वाचून दाखवला. अकरा वेळा. दोनदा हात खाली ठेवला. मग म्हणाली, "मैंने भी ग़लत लिखा था, मॅडम. मी फाईल बघून लिहिलं. या दोघांना विचारलं नाही."

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला आणि खुशबूच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ऊपर पूछना पड़ेगा."

"विचारा," संघमित्रा म्हणाली. "ते नाही म्हणाले तर मले लिहून द्या, का माझी मुलगी शाळेनं काढली. शाळेच्या इच्छेनं. माझ्या इच्छेचा कागद हा घ्या."

तिनं फॉर्म टेबलावर ठेवला. पुढची बाजू कोरी होती. मागची रविवारी संध्याकाळी धोंडबांनी भरली होती. अकरा हात काढले होते, थरथरत्या रेघेचे पण स्पष्ट, आणि प्रत्येकाखाली संघमित्रानं हिंदीत अर्थ लिहिला होता. वर. खाली. थांब. हळू. उजवीकडे. डावीकडे. आणि अशाच आणखी काही खुणा.

"वर्गात लावा," ती म्हणाली, आणि खुर्ची वळवली.

वरून काही उत्तर आलं की नाही, ते संघमित्राला कधी कळलं नाही. कागद काही आला नाही. जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मॅडमचा फोन आला, माणसं घेऊन या. सात आया, दोन बाप आणि नरेश गेले. बाक खाली आले, बाक वर गेले. वरच्या दारावर 'कक्षा ४' अजून रंगवलेलंच आहे. खालच्या दारावर खडूनं लिहिलेलं आहे, आणि पावसाच्या ओलीनं पुसलं की कुणीतरी पुन्हा लिहितं. फळ्याखाली मापाची टेप ठोकली आहे. बाईंच्या हातात छडी असते, तिचं टोक म्हणजे हुक.

दीपालीच्या पुस्तकात आता त्रेचाळीस प्रश्न आहेत. शेवटचा संघमित्रानं तिच्याकडून लिहवून घेतला. घरी तुमचं मूल कसं बोलतं, हे शाळेनं तुम्हाला विचारलं का? दीपाली तो घेऊन आधीच्या सोळा घरी परत गेली. आतापर्यंत एकाही घरी 'हो' आलेलं नाही.

शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले असतील. सुट्टीच्या वेळी संघमित्रा फाटकाशी उभी होती, तर चौथीच्या बाई स्वतः खुर्ची ढकलत बाहेर आल्या. हातात अकरा हातांचा कागद होता, भिंतीवरून काढलेला.

"एक बात पूछनी थी," बाई म्हणाल्या. "आज सात सत्ते पूछा. मैं छड़ी ले जा रही थी, इसने धीरे का इशारा किया, पर मैं दो अंक पहले ही रुक गई, सैंतालीस पर. बच्ची है, सोचा चलो, मैंने शाबाश बोल दिया. तब से ऐसे-ऐसे कर रही है." त्यांनी दोन बोटं उघडून मिटून दाखवली. "यह तो इसमें है ही नहीं."

संघमित्रानं खुशबूकडे पाहिलं. कात्री अजून चालूच होती. ती एक खूण तिनं मुद्दाम कागदावर घेतली नव्हती. मामाजी म्हणाले होते, एवढी तरी घरात राहू दे.

"बाई," ती म्हणाली, "पेन द्या. बारावी खूण राहिली होती."